रोज पहिला दिवस

जपानमधल्या सेंदाई शहरातल्या मज्जाविज्ञान संस्थेत तिसऱ्या मजल्यावर एक छोटे गायनगृह होते. वीस खुर्च्या, हातभर उंचीचा रंगमंच आणि एका बाजूला जाड काच. काचेपलीकडे तंत्रज्ञ बसत आणि गाणे सुरू झाले की आपल्याकडचा आवाज बंद करून टाकत. ते गाणे फक्त रुग्णांनी ऐकायचे, तेही आयुष्यात एकदाच. रोज खोलीत बसून ऐकायची मुभा एकाच व्यक्तीला होती, डॉ. संघमित्रा मेश्राम यांना. कारण त्यांच्यावर त्या गाण्याचा काडीचाही परिणाम होत नसे.

"मी नागपूरची," ओसाकाहून आलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना त्या सांगत होत्या. "आमची शाळा जूनच्या शेवटी उघडते. एप्रिलात आम्ही कूलरमध्ये पाणी भरत बसतो. चेरीच्या फुलांनी माझ्या मेंदूत काही हलत नाही. तुमच्या मात्र हलतं."

"नेमकं काय हलतं?"

"मेंदू आयुष्य सलग साठवत नाही. त्याची प्रकरणं पाडतो. शाळा सुटली, घर बदललं, की एक रेघ मारतो. तिला आम्ही प्रकरणसीमा म्हणतो. रेघेअलीकडचं सगळं आपलं वाटतं. पलीकडचं आठवतं, पण दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं."

"म्हणजे विस्मरण?"

"नाही. माहिती राहते, माया जाते. दुःखाचंही तसंच. वर्षानुवर्षं खोलीचं दार लावून बसलेल्या माणसांच्या मेंदूने रेघच मारलेली नसते. ती आम्ही मारून देतो."

"गाण्याने?"

"तुम्हाला लहानपणापासून सवय आहे. मार्चमध्ये शाळेचा निरोप, एप्रिलात नवा वर्ग, आणि दरवर्षी त्याच सुमाराला आयडॉल मुलींची गाणी. फुलं, फलाट, कोरे बूट, भेटू पुन्हा. अशी आठशे गाणी पिंजून आम्ही एक सीमागीत बनवलं. 'उद्याचा गणवेश' त्याचं नाव. ध्वनिमुद्रण चालत नाही, मेंदूला समोर श्वास घेणारं माणूस लागतं. गाणं संपताच जे समोर दिसेल, तिथून नवं प्रकरण सुरू होतं. म्हणून त्या क्षणी आम्ही दार उघडतो आणि दारात रुग्णाची माणसं उभी असतात."

तेवढ्यात रंगमंचावर गायिका आली. कुरामोची युइना, वय बावीस. 'सात कळ्या' नावाच्या आयडॉल गटाने, म्हणजे नाचगाणी करणाऱ्या मुलींच्या गटाने, सोळाव्या वर्षी तिला इथे पाठवले होते आणि गटाचे कार्यक्रम सांभाळून ती रोज दोनदा गात होती. आयडॉल मुलींचा रिवाज असतो, दर कार्यक्रमाआधी ठरलेल्या शब्दांत स्वतःची ओळख करून द्यायची. युइना कमरेत वाकली आणि डोळे चमकवत म्हणाली, "मी कुरामोची युइना! आज माझा पहिलाच दिवस आहे. सांभाळून घ्या!"

"घेतलं," संघमित्रा नेहमीप्रमाणे म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळल्या. "सहा वर्षं झाली, पण अजून तोच उत्साह. आम्ही सगळे तिच्यावर खूश आहोत. चला, गाणं सुरू व्हायच्या आत तुम्ही काचेपलीकडे जा."

खरेच सगळे खूश होते. गटाचा व्यवस्थापक तर इतर मुलींना युइनाचे उदाहरण देई. ताजेपणा हाच आयडॉलचा सगळ्यात मोठा गुण, आणि तो युइनाकडे ओसंडून वाहत होता. मराठी घरातली मुलगी सहा वर्षे रोज तेच बोलत राहिली असती, तर तिसऱ्या दिवशीच कोणीतरी कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. इथे तिला बक्षीस मिळाले.

आठवड्याभराने शिओगामाहून एक बाई संस्थेत आल्या. त्या युइनाच्या आई, शिझुए. बंदराजवळ त्यांचे उदोनचे दुकान होते, जाड शेवयांचे गरम सूप विकण्याचे. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली नाही आणि चहालाही नको म्हटले.

"मुलगी फोन उचलेना, म्हणून मी तिच्या हस्तांदोलनाच्या कार्यक्रमाला गेले," त्या म्हणाल्या. "चाहते रांगेत उभे राहतात, दहा सेकंद हात हातात मिळतो. मीही तिकीट काढून उभी राहिले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, 'लांबून आलात ना? पहिल्यांदाच का?'"

"ओळखलं नाही?"

"ओळखलं. मी म्हटलं, अगं, मी आई. तर म्हणाली, 'हो, माहीत आहे.' आणि ओशाळली. सख्ख्या आईपुढे कोणी असं ओशाळतं का, डॉक्टर?"

रुग्णांनी एकदाच ऐकावे म्हणून नोंदवही होती, तंत्रज्ञांसाठी काच होती. स्वतः संघमित्रा गाण्यापासून सुरक्षित होत्या, म्हणून खोलीतला प्रत्येकजण सुरक्षित आहे असे त्या कधीपासून धरून चालल्या, हे त्यांचे त्यांनाच कळले नव्हते. गाणारीलाही कान असतात ही गोष्ट सहा वर्षांत एकाही शहाण्याच्या डोक्यात आली नव्हती.

त्याच संध्याकाळी युइनाला मेंदूचित्रकात झोपवले. पडद्यावर रेघांमागे रेघा उमटल्या. संस्थेचे प्रमुख किटागावा सत्तरीचे, सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत; गाण्याची मूळ कल्पना त्यांची. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि तरीही रेघा तेवढ्याच राहिल्या.

"साडेचार हजार," ते म्हणाले. "आई कुठे आहे?"

"सगळ्यांच्या पलीकडे."

"आजपासून गाणं बंद."

"बंद करायलाच हवं, सेन्सेई. पण नुसतं बंद करून भागणार नाही. तिचं चालू प्रकरण दुपारी गायनगृहात सुरू झालंय आणि त्यात ती आजच आलेली आयडॉल आहे. हे असंच सोडलं तर जन्मभर पहिल्या कार्यक्रमाची वाट पाहत बसेल."

किटागावांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, "मग आणखी एकदा. शेवटचं. पण इथे नाही."

"आईच्या दारात," संघमित्रा म्हणाल्या.

युइनाला सगळे खरे सांगितले. तिने ते मन लावून ऐकले, नव्या नोकरीत वरिष्ठांचे ऐकावे तसे. शेवटी तिने विचारले, "त्या बाईंना माझ्यामुळे फार त्रास झाला का?" आणि जायला तयार झाली.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी दुकान बंद ठेवले होते. बंदराच्या रस्त्यावरची चेरी नुकती उमलली होती. युइना बाहेर तंत्रज्ञांबरोबर गाडीत थांबली आणि संघमित्रा आत शिझुएंना समजावत राहिल्या. शिझुए ओट्यापाशी कणीक तिंबत होत्या.

"गाणं संपताना तुम्ही तिच्या समोर उभं राहायचं. तुमच्या कानात हे बोळे घाला. आम्ही तुमचाही मेंदू पाहिलाय. सहसा माणसाच्या आयुष्यात सात-आठ रेघा तरी असतात. तुमची शेवटची रेघ युइना जन्मली त्या दिवसाची आहे. तिथून आजवर एकच प्रकरण. गाणं ऐकलंत तर बावीस वर्षं एका झटक्यात पलीकडे जातील."

शिझुएंचे हात थांबले नाहीत. "गाण्यानंतर मी तिची कोण असेन?"

"एक बाई. आई आहे हे तिला माहीत असेल. वाटायला वेळ लागेल."

"आणि ती माझी?"

"तुमची मुलगी. होती तशीच."

"म्हणजे मी तिच्याकडे बावीस वर्षांच्या डोळ्यांनी बघणार आणि ती रोज माझ्यापुढे ओशाळणार. जेवताना, झोपताना, रोज. रांगेत मी ते दहा सेकंद पाहिलंय, डॉक्टर. दहा सेकंदसुद्धा बघवेना."

"हळूहळू कमी होईल ते."

"मी ऐकलं तर?"

"नाही," संघमित्रा जवळजवळ ओरडल्याच. "तिचं पहिलं पाऊल, पहिला ताप, सगळं आठवेल, पण शेजारणीच्या मुलीचं आठवावं तसं. एवढं एकच तर उरलंय तुमच्याकडे. ते मी तुम्हाला टाकू देणार नाही."

"बरं," शिझुए म्हणाल्या. हात धुतले, पुसले, आणि बोळे कानात घातले.

तंत्रज्ञ गाडीच्या काचा वर करून बसले. युइना दुकानाच्या दारात उभी राहिली, समोर दोन पावलांवर आई. संघमित्रा भिंतीला टेकल्या. वाद्ये नव्हती, नुसता आवाज होता, आणि तो नेहमीपेक्षा जरा कापरा होता. कोऱ्या गणवेशाची बाही लांब आहे, हात वाढेल तेव्हा वाढेल, अशी पहिली ओळ.

पहिली ओळ संपली आणि शिझुएंनी बोळे काढले. आधी डावा, मग उजवा. शांतपणे, स्वयंपाक करताना अंगठी काढून ठेवतात तसे. संघमित्रा पुढे धावल्या. एकदा हाक मारली असती तरी गाणे मोडले असते. पण अर्धे गाणे रेघ मारत नाही हे त्यांना ठाऊक होते, आणि युइनाला पुन्हा इथवर आणता येईल याची खात्री नव्हती. शिझुएंनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. डोळे भरलेले होते, पण ते विनवत नव्हते. निर्णय कणीक तिंबतानाच झाला होता. संघमित्रा जागच्या जागी थांबल्या आणि त्यांना रडू आवरले नाही.

शिझुए दोन कडवी ऐकत राहिल्या. त्या वेळात त्यांनी मुलीला नखशिखान्त पाहून घेतले. ध्रुवपद तिसऱ्यांदा आले, लांबले आणि थांबले.

रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. दारात दोन बायका एकमेकींकडे पाहत उभ्या होत्या, एक पन्नाशीची, एक बावीसची. दोघींच्या चेहऱ्यावर अगदी सारखा भाव होता, नव्या वर्गात शेजारी कोण बसलेय ते पाहताना असतो तसा. युइनाने आयडॉलची ओळख करून दिली नाही. तिचे लक्ष आत चुलीवरच्या पातेल्यातून येणाऱ्या वाफेकडे होते.

शिझुएंनी घसा साफ केला. "आपण मायलेकी आहोत. निदान मला तसं माहीत आहे."

"मलाही," युइना म्हणाली.

"मला अजून तसं वाटत नाहीये. तुम्ही रागावू नका."

"तुम्हालाही नाही वाटत?" युइनाचा जीव भांड्यात पडला, अगदी दिसेल असा. खांदे सैल झाले. सहा वर्षांत तिच्या तोंडावर न पाहिलेले एक वाकडेतिकडे, अनभ्यस्त हसू संघमित्रांनी पाहिले. "मग बरं झालं. मला वाटलं, मी एकटीच."

दोघी हसल्या. आधी भिडस्तपणे, मग जरा मोकळेपणाने. ओशाळण्यासारखे कोणाकडेच काही उरले नव्हते.

"आई म्हणायला मला थोडे दिवस लागतील," युइना म्हणाली. "चालेल?"

"मलाही लागतील." शिझुए बाजूला सरकून तिला आत घेत म्हणाल्या, "तोवर हात धुऊन घे. कांद्याची पात चिरायची आहे."