तिसऱ्या गुहेतला गॅस

पुण्याच्या वायुनियंत्रण केंद्रातल्या मोठ्या पडद्यावर तिसऱ्या गुहेचा आकडा सकाळपासून उतरत होता आणि डॉ. शलाका केळुसकरांचा चहा समोर ठेवल्या जागी निवत होता. हिमालयाच्या पोटातला सैंधवाचा थर पाण्याने विरघळवून केलेली ती गुहा. त्यात ठुंगरी गावाचा हिवाळ्याचा गॅस साठवलेला. साठा नऊ टक्क्यांवर आला होता आणि आठला झडप बंद करायची, असा नियम होता. तळचा ‘आधारवायू’ उपसला तर मिठाचे छतच खाली बसायचे. नियम शलाकाबाईंनी स्वतः केला होता. आणि ठुंगरीत, उणे वीस अंशांत, त्यांची लेक कैरवी बारा दिवसांच्या बाळाला छातीशी धरून होती.

“भाकीतयंत्र म्हणतंय, संध्याकाळपर्यंत गुहा रिकामी,” बाजारविभागाचा निरंजन वाळिंबे म्हणाला. “भाव दुप्पट झालाय, मॅडम.”

“होणारच! तुझ्या यंत्राने टंचाईचं भाकीत केलं, लोक घाबरले. मिळतोय तोवर घर तापवून घेऊ म्हणून सगळ्यांनी शेगड्या मोठ्या केल्या. आता ते यंत्र म्हणेल, बघा, मी सांगत नव्हतो?”

“पण आकडा तर खरा आहे ना?”

“आकडा दाबाचा आहे रे. आपण दाब मोजतो आणि त्यावरून साठा काढतो. भराभर उपसलं की आत उरलेला गॅस गार पडतो, आणि गॅस गार पडला की दाब उतरतो. आपला तापमापी गुहेच्या तोंडाशी, पोटातलं त्याला काय कळणार? लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या शेगडीचा सिलिंडर कसा गारठतो? ज्योत मिणमिणते, वाटतं संपला. कोमट पाण्यात उभा केला की पुन्हा पेटतो. कारण थोडं वेगळं, पण जातकुळी तीच.”

“मग गुहेला कोमट पाणी कुठलं आणायचं?”

“भोवतीचा खडक आहे ना. तो उबदार असतो. चार तास उपसा थांबवला तर तो गॅसला ऊब देईल, दाब चढेल, खरा साठा कळेल.”

“मग थांबवूया की!”

चार तास म्हणजे ठुंगरीतली घरे गोठणार. गणित मांडायला शलाकाबाईंना कधी भीती वाटली नव्हती. आज वाटत होती. आकडा सव्वाआठवर आला. त्यांनी झडपेच्या कळेवर बोट ठेवले.

तेवढ्यात उपशाची रेघ आपोआप शून्यावर आली.

“नळी फुटली?” निरंजन ओरडला. पण गळतीची एकही सूचना नव्हती. शलाकाबाईंनी घाईघाईने फोन लावला. पलीकडे जत्रेत असावा तसा गलका.

“कैरवी! बाळ कसं आहे?”

“मजेत! अगं, गॅस संपत आलाय असं ऐकलं. मुखियाजी म्हणाले, जो तो आपापलं घर तापवत बसला तर कुणालाच पुरणार नाही. म्हणून घरोघरचा गॅस बंद केला आणि अख्खं गाव शाळेत आलंय. इथं लाकडाची शेगडी आहे. आई, इतकी माणसं दाटलीत की बाळाची टोपी काढावी लागली! सारखं या मांडीवरून त्या मांडीवर चाललंय.”

शलाकाबाईंना रडू आले, आणि ते त्यांनी लपवले नाही.

दुपार कलली तसा आकडा चढू लागला. दहा. तेरा. अठरा. भाकीतयंत्र पुनःपुन्हा विचारू लागले की हा नवा साठा कुठून आला. निरंजन हसत सुटला. भाव धाडकन खाली आला होता.

शलाकाबाईंनी पुन्हा फोन केला. “कैरवी, सांग सगळ्यांना, गॅस भरपूर आहे. पेटवा खुशाल. घरी जा.”

“जाऊ गं सावकाश. कुणी उठायला तयार नाही. आज बारावा दिवस ना, बायकांनी ओढणीचा पाळणा बांधलाय.” कैरवीचा आवाज हळवा झाला. “आत्या तिकडे कॅनडात झोपलीय. कानात नाव तू सांगतेस? फोन धरते.”

शलाकाबाईंनी पडद्याकडे पाठ केली, तोंडाशी हाताचा आडोसा धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, “कुर्रर्र...”

पुढचे नाव निरंजनला ऐकू आले नाही. पलीकडे शाळेत एकच टाळ्या वाजल्या, आणि पडद्यावर आकडा वीसच्या पुढे गेला.