सातव्या तुकड्याची खपली

सहाव्या आणि आठव्या तुकड्यातली वाळू जागच्या जागी, आणि मधल्या सातव्यातलीच तेवढी उडून गेली होती! वारा तोच, पाणी तेवढंच, रोपंही खेजडीची, म्हणजे आपल्या शमीचीच. मग घोडं पेंड खात होतं कुठं? बारा वर्षांच्या शाल्मलीला तर रडूच कोसळलं, कारण सातवा तुकडा तिचा होता.

साल २०६१. थरच्या वाळवंटात उजाड जमीन पुन्हा हिरवी करायचं काम तिची वैजयंतीआत्या करायची. सुट्टीला आलेल्या भाचीवर तिनं दोनशे रोपं सोपवली होती, मदतीला मुंगळा नावाचा सहा पायांचा यंत्रमानव. आता त्यातली तीस रोपं उडत्या वाळूखाली गाडली गेली होती. असंच चाललं तर महिन्याभरात एकही उरणार नव्हतं.

आत्यानं मुंगळ्याच्या नोंदी उघडल्या. आदेश होता, ‘सगळा पापुद्रा फोड.’ आणि तो दिला होता शाल्मलीनंच! ती पडली मंगळवेढ्याची. तिथल्या काळ्या रानात कोळपणी करून वरचा पापुद्रा फोडला की भेगा बुजतात, ओल टिकते. वाळूवरची काळपट खपली दिसली आणि बाईसाहेबांचे हात शिवशिवले.

आत्या चांगलीच रागावली. मग आठव्या तुकड्याच्या कडेची एक खपली उचलून तिनं तिच्यावर चार थेंब पाणी टाकलं. काळी खपली बघता बघता हिरवट झाली.

"ही जिवंत आहे, शाल्मली."

खपलीत नीलहरित जिवाणू (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, उन्हावर स्वतःचं अन्न बनवणारे सजीव) राहतात, असं आत्यानं सांगितलं. ते चिकट धागे सोडतात. त्या धाग्यांत वाळूचे कण बांधले जातात, म्हणून वाऱ्याला ते उचलता येत नाहीत. काही जिवाणू हवेतला नत्र (झाडांना वाढीसाठी लागणारं द्रव्य) पकडून रोपांना खतही पुरवतात. काळ्या मातीचे कण मुळातच एकमेकांना धरून असतात. सुट्ट्या वाळूला धरून ठेवते ती ही खपलीच.

शाल्मलीला भयंकर लाज वाटली. डोळे पुसून तिनं विचारलं, "परत लावता येईल?"

येईल, पण काम कष्टाचं होतं. आधी गवताच्या काड्या वाळूत उभ्या खोचून मीटरभराचे चौकोन करायचे, म्हणजे जमिनीलगतचा वारा अडतो. मग प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू पाण्यात कालवून, आत पाय न टाकता कडेनंच फवारायचे. मुंगळ्याच्या पायांनी चौकोन ढासळायला लागले, तेव्हा शाल्मली स्वतः गुडघ्यांवर बसली. सोळा दिवस ती काड्या खोचत होती. हातांना फोड आले, आत्या पुरे म्हणाली, पण ही काही हटली नाही.

फवारणी झाली आणि तिसऱ्याच दिवशी आंधी आली. दुपारभर समोरचं दिसेना. धूळ बसताच शाल्मली धावली आणि कडेला उभं राहून तिनं रोपं मोजली. एकशे सत्तर. उरली होती तेवढी सगळी!

"आज काड्यांनी वाचवलं," आत्या म्हणाली. "खपली पक्की व्हायला दहाएक वर्षं लागतील हं."

शाल्मलीनं बोटांवर हिशेब केला. तेव्हा ती बावीस वर्षांची असणार होती.

"चालेल," ती म्हणाली. "तोवर इथं कुणी पाय टाकायचा नाही. तूसुद्धा नाही."

आणि मधली जवळची वाट सोडून, सगळ्या तुकड्याला वळसा घालत ती घराकडे निघाली.