पैकीच्या पैकी

"वाच रे, डॉक्टर! पाळकसाहेबांनाही कळू दे, माझ्या मुलाला पैकीच्या पैकी मार्क कसल्या उत्तराला पडले ते!"

रविवारची प्रार्थना आटोपून मंडळी जेवायला बसली होती. नारळाच्या दुधात शिजवलेल्या लूचा, म्हणजे मांस भरलेल्या अळूच्या पानांचा, वास ओटाहुहू या उपनगरातल्या त्या लहानशा घरात कोंदला होता, आणि मोसेसेच्या आवाजात असा काही अभिमान होता, की अठरा वर्षांच्या सेमिसीला बापाला नाही म्हणणं सुचेना. खरं तर डॉक्टर तो कुठला! शहरातल्या विद्यापीठात त्याचं नुकतं पहिलं वर्ष. वर्षाअखेरीला हजारभर मुलांमधून थोडी निवडून वैद्यकीला घेणार, बाकीच्यांनी आपापली वाट धरायची. पण टोंगाच्या बेटांवरून इथे येऊन राहिलेल्या आम्हा टोंगन माणसांना धीर कुठला! पोरगं विद्यापीठाची पायरी चढलं त्याच रविवारी चर्चमधल्या बायकांनी त्याला डॉक्टर करून टाकलं, आणि एकीनं तर तिथल्या तिथे आपली दुखरी कंबर त्याला दाखवली.

सेमिसीनं खिशातून कागद काढला. प्राध्यापकांनी त्याचं उत्तर नमुना म्हणून सगळ्या वर्गाला वाटलं होतं. तो आमच्या भाषेत करून वाचू लागला.

"प्रश्न असा होता. एक मुलगी, वय एकोणीस. थंड, दमट जागेत झोपते. तिचा घसा दुखतो, औषध काही घेत नाही. तीन आठवड्यांनी तिला ताप येतो. आधी गुडघा सुजतो, तो उतरतो आणि मग मनगट सुजतं..."

"अगं बाई!" हातात डाव घेऊन उभी असलेली आई खळखळून हसली. "आपल्या मेलेआनेचं कुणी सांगितलं रे तुझ्या मास्तरांना?"

बिचारी खरंच हसत होती. पण तिच्यामागून कुणीच हसलं नाही. एकेक करत सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. तिथे मेलेआने उभी होती, सेमिसीची एका वर्षानं मोठी बहीण. रताळ्यांचं ताट तिनं दंडावर तोलून धरलं होतं, कारण उजवं मनगट वळतच नव्हतं.

"पुढे वाच," टेबलाच्या मानाच्या जागेवरून आत्या म्हणाली. आत्यापुढे आमच्याकडे बापाचंही चालत नाही.

सेमिसी अडखळत वाचू लागला. "हा... ऱ्हुमॅटिक ताप. घशातल्या जंतूशी लढता लढता शरीर चुकून स्वतःच्याच हृदयावर उलटतं. हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. घसा दुखतो तेव्हाच पेनिसिलिन दिलं, तर हे... हे सगळं टाळता येतं."

शेवटचे दोन शब्द कुणाला ऐकूही गेले नसतील.

"पोरी," आत्यानं विचारलं, "तू झोपतेस कुठे?"

"आत, आत्या. माझ्या खोलीत."

खोटं! धडधडीत खोटं, आणि तेही पाळकसाहेबांसमोर, रविवारच्या दिवशी... केवळ त्याची लाज राखण्यासाठी! सेमिसीला वाटलं, या क्षणी धरणीनं पोटात घ्यावं.

आमच्यात बहिणीचा मान भावाहून मोठा. मुलगे वयात आले की गॅरेजात झोपतात आणि बहीण घरात, उबेत. दोघं एका जागी बसून टीव्हीसुद्धा बघत नाहीत. काही सांगायचं झालं तर आईकरवी. सेमिसीही चार वर्षं गॅरेजातच झोपत होता. पण मार्चमध्ये तिथल्या ओलीनं त्याच्या नव्या पुस्तकांवर बुरशी चढली, तेव्हा मेलेआने आईला म्हणाली, "त्याला सांग, माझी खोली घे. मी काय, लॉन्ड्रीतल्या कामावरून येऊन नुसती पडते. गॅरेजात पडले काय आणि आत पडले काय." सेमिसीनं उलट निरोप पाठवला, नको. एकदाच पाठवला! दुसऱ्यांदा तिनं आग्रह केला तेव्हा त्याची पुस्तकं आधीच खोक्यात भरून तयार होती... बहिणीच्या मानाची गादी त्यानं घेतली, आणि पहिल्याच रात्री त्याला गाढ झोप लागली.

विद्यापीठात तो मागच्या रांगेत बसे. नामांकित शाळांची, शिकवण्या लावून आलेली मुलं पुढे बसत. एकदा प्रयोगशाळेत रंगीत पेनांची पाकिटं घेऊन बसणारी एक मुलगी सहज म्हणाली, "तुला कसलं टेन्शन? तुम्हा लोकांना राखीव जागा आहेतच की." ती वाईट मनाची नव्हती. पण तो बोल त्याच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला. राखीव नको, उपकार नको. दाखवूनच देतो यांना! त्या दिवसापासून जेवणाचं ताटही खोलीच्या दाराशी येऊ लागलं, आणि ते ठेवणारी पावलं कुणाची हे त्यानं कधी मान वर करून पाहिलं नाही.

मे महिन्यात, इकडे थंडी सुरू होते तेव्हा, चर्चच्या गाण्यात मेलेआनेचा आवाज ऐकू येईनासा झाला. त्याच्या ते ध्यानात आलं. तिनं गळ्याला फडकं गुंडाळलेलं होतं, तेही त्यानं पाहिलं. विचारावं का? पण बहिणीच्या शरीराविषयी भावानं विचारायचं नसतं, हा आमचा रिवाज... खरंच का रिवाज आडवा आला होता? छे! गुरुवारी परीक्षा होती. विचारलं असतं तर आईकरवी दवाखान्याचं निघालं असतं, अर्धा दिवस गेला असता, आणि कोण जाणे, खोलीही परत द्यावी लागली असती. रिवाजाच्या आड तो नुसता लपला होता.

आणि गुरुवारी परीक्षेत नेमका तो प्रश्न आला. 'हे सगळं टाळता येतं' असं त्यानं लिहिलं, तेव्हा मेलेआनेचा फक्त घसाच दुखत होता. तेव्हा वेळ होती! अजून पुरती वेळ होती!

"ती गॅरेजात झोपते," सेमिसी उभा राहून म्हणाला. "मार्चपासून. खोलीत मी झोपतो."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मोसेसेचा चेहरा राखेसारखा झाला.

"शाब्बास!" आत्या म्हणाली. "घरात डॉक्टर, आणि दिव्याखाली अंधार! भाऊ गादीवर नि बहीण सिमेंटवर! मोसेसे, तू माझा भाऊ ना? मला झोपवलं असतंस गॅरेजात?" मग ती हुंदका गिळत उठली. "गाडी काढ. बसू नकोस असा. गाडी काढ!"

मंगळवारी दुपारी हृदयाच्या तपासण्या पुऱ्या झाल्या. एक झडप गळत होती. आता दर चार आठवड्यांनी मांडीत पेनिसिलिनची सुई, आणि ती दहा वर्षं. पुढे कदाचित शस्त्रक्रिया... आजच काही सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दोन दिवस सेमिसी लिफ्टजवळच्या बाकावर बसून होता. बहीण अंथरुणावर आहे त्या खोलीत भावानं कसं जायचं! आई बाहेर आली तसा तो उठला.

"आई, ताईला सांग, उद्या माझा रसायनशास्त्राचा पेपर आहे, पण मी जाणार नाही. मी विद्यापीठ सोडतोय."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "इतकी वर्षं तुम्हा दोघांचे निरोप वाहिले रे मी, हमालासारखे. हा मी नाही नेणार. जा, तुझ्या तोंडानं सांग."

तो आत गेला. मेलेआनेनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. तो दाराशीच थांबला.

"ताई..."

"ते उत्तर लिहिलंस, तेव्हा माझा घसा दुखत होता. तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"लिहिताना माझी आठवण झाली?"

नाही म्हणता आलं असतं. तिलाही कदाचित तेच ऐकायचं होतं. पण तिनं त्याच्यासाठी बोललेलं खोटं अजून त्याच्या छातीवर धोंड्यासारखं पडलेलं होतं.

"झाली."

"मग?"

"मग... पुढचा प्रश्न सोडवायला घेतला."

मेलेआनेचे खांदे हलू लागले. मग ओल्या, फाटक्या आवाजात म्हणाली, "खोली मी माझ्या हातानं दिली. त्याचं मला दुःख नाही. पण इतकं सुंदर उत्तर लिहिलंस रे... आणि घरी येऊन गॅरेजच्या दारावर एक थाप नाही मारलीस! एक थाप, सेमिसी!"

"मी लायक नाही, ताई! डॉक्टर व्हायची माझी लायकी नाही. मी सोडतो सगळं. तुझ्या जागी लॉन्ड्रीत जातो..."

"वा रे वा!" ती झटक्यानं वळली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याच डोळ्यांत आग होती. "तू सोडून मोकळा होणार! आणि मी? मी दहा वर्षं सुया टोचून घेऊ, ते कशासाठी? बहीण गॅरेजात झोपून भाऊ लॉन्ड्रीत गेला, हे सांगायला? तुला लाज वाटते ना? वाटू दे. जन्मभर वाटू दे! पण ती घेऊन पेपराला जायचं. बहिणीचा शब्द मोडणार आहेस?"

"नाही, ताई."

"मग इकडे ये."

तो दोन पावलं पुढे आला. तिनं न सुजलेला हात चादरीबाहेर काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"नाडी बघ."

दहाव्या वर्षापासून त्यानं बहिणीला कधी स्पर्श केला नव्हता. तो मागे सरला. "ताई, असं चालत नाही आपल्यात..."

"विचारायचं नाही, तोही रिवाज, हात लावायचा नाही, तोही रिवाज! बरे सापडतात रे तुला रिवाज! मान माझा मोठा आहे ना? मग मी सांगते आहे. बघ."

सेमिसी खाटेशी गुडघ्यांवर बसला. दोन बोटांनी त्यानं तिचं मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो मोजू लागला... वीस... तीस... बोटांखाली ते जखमी हृदय घाईघाईनं धावत होतं. चाळिसाच्या आसपास घड्याळाचे काटेच दिसेनासे झाले.

"किती?" तिनं विचारलं.

"चुकलो, ताई..." तो ओक्साबोक्शी रडत म्हणाला. "चुकलो मी..."

मेलेआनेनं हात मागे घेतला नाही.

"परत मोज," ती म्हणाली.

त्यानं बाहीनं डोळे पुसले, बोटं नीट ठेवली आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.