वैयक्तिक ठसे राखून

चटणी वाटायची म्हणून तनुजानं ओट्याजवळची एक पिन काढली आणि मिक्सरची लावली. काढलेली पिन पेटीची होती. रात्रभर चार्ज झालेल्या पेटीला तेवढ्यानं काय होतंय, असा तिचा हिशेब, आणि एरवी तो बरोबरही ठरला असता. पण त्या सकाळी पेटी स्वतःला अद्ययावत करून घेत होती आणि तिच्या आतली राखीव बॅटरी जुनी होऊन, कुणाच्या लक्षात न येता, पार निकामी झाली होती. खोबरं बारीक होईस्तोवर पेटीवरचा हिरवा दिवा विझला.

आई अंघोळ करून आली. नेहमीप्रमाणे तिनं आरशात न बघताच कानामागं टिकली चिकटवली, टेबलाशी बसली आणि पुढ्यात ठेवलेल्या घावनाकडे बघत राहिली. मग तिनं मान वर केली.

"अहो, तुम्ही कोण?"

तनुजाच्या हातातलं उलथनं तव्यावर तसंच राहिलं. हा प्रश्न तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो पुन्हा कधी ऐकावा लागू नये, म्हणून तर पेटी घेतली होती.

पेटी म्हणजे पोळ्यांच्या डब्याएवढा एक संगणक. आईला, म्हणजे गिरिजाबाईंना, विस्मरणाचा आजार जडल्याचं कळलं तेव्हा तो हाताबाहेर जायच्या आत डॉक्टरांनी तिच्या मेंदूतल्या आठवणींचे ठसे या पेटीत उतरवून घेतले होते. कानामागची टिकली आणि पेटी यांचं दिवसभर गुपचूप बोलणं चाले. समोर एखादा चेहरा आला की टिकली विचारी, पेटी ठसा शोधून देई, आणि आईला ते आपसूक आठवल्यासारखं वाटे. मेंदूतलं मूळ पुसत चाललं होतं, तरी आई सोसायटीच्या सभेत तावातावानं भांडत होती, भाजीवालीला मागच्या महिन्याचा भाव ऐकवत होती आणि तनुजाच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होती. आमच्या आईसाहेब हल्ली डब्यात राहतात, असं तनुजा मैत्रिणींना गमतीनं सांगायची.

तिनं पिन पुन्हा लावली. दिवा पिवळा झाला, आत काहीतरी घरघरलं, पेटीच्या इवल्या पडद्यावर 'सुरू होत आहे' अशी अक्षरं उमटली आणि विझली. मग पुन्हा घरघर, पुन्हा तीच अक्षरं, पुन्हा अंधार.

तोवर आई दारापाशी जाऊन उभी राहिली होती. पदर तिनं दोन्ही मुठींत घट्ट धरला होता.

"मला घरी जायचंय. देवरुखला. आप्पा वाट बघत असतील."

आप्पा, म्हणजे आईचे वडील, जाऊन चाळीस वर्षं झाली होती. "बसा ना जरा," तनुजा कसंबसं म्हणाली. स्वतःच्या आईला तिनं जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. पण 'अगं आई' म्हटल्यावर समोरची बाई आणखी एक पाऊल मागं सरकली होती.

पेटी बसवून देणारा इंजिनीअर इरफान नदाफ फोन केल्याबरोबर विद्यानगरातून मोटरसायकलवर आला. पेटीचं झाकण उघडता उघडता त्यानं विचारलं, "मधेच पिन काढलीवती का, ताई?"

"हो. चटणीसाठी."

तो पेटीत वाकून बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तनुजाला वाटलं.

त्यानं आपला लॅपटॉप पेटीला जोडला. बराच वेळ खुडबुड केल्यावर पडद्यावर दोन पर्याय आले. एक, सर्व पुसून नव्याने सुरू करा. दुसरा, वैयक्तिक ठसे राखून नव्याने सुरू करा.

"दुसरा," तनुजा घाईघाईनं म्हणाली. "दुसरा दाबा ना."

"दाबतो. पण त्याला मालकाची खूण लागते. आपण आपलं नाव घेतो ना, तवा डोक्यात एक ठरावीक लहर उठते. मी म्हणजे हा, अशी. त्याला आम्ही स्वठसा म्हणतो. तीच या पेटीची किल्ली. नुसतं तोंडानं पोपटासारखं म्हणून भागत नाही."

"आणि आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवली तर?"

"काढू की. पण ती उघडायची कशानं? किल्ली मावशींच्या डोक्यातच हाय."

आईला समजावून खुर्चीवर बसवलं. परका पुरुष समोर बघून ती अंग चोरून बसली होती. इरफाननं आवाज मऊ केला. "मावशी, तुमचं नाव सांगा बरं."

"बकुळा," आई म्हणाली.

लॅपटॉपवर एक निळी रेघ सरसर वर चढली आणि तिच्याखाली अक्षरं आली. मालक: बकुळा. पेटीत अन्य व्यक्तीचे ठसे आढळले आहेत. ते पुसण्यासाठी मालकाने पुन्हा एकदा नाव सांगावे.

इरफाननं झटक्यात प्रक्रिया थांबवली. "बकुळा कोण, ताई?"

"आईच. माहेरचं नाव तिचं." तनुजाचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "लग्नात बदललं. बाबा गिरीश, म्हणून ही गिरिजा. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहितात ना, तसं."

इरफाननं मान हलवली. मित्रांच्या लग्नांत त्यानं ते पाहिलं होतं. पेटी पहिल्यांदा बसवली तेव्हा यंत्रानं विचारलं होतं, या व्यक्तीचं आणखी कुठलं नाव? आणि तनुजानंच आईच्या वतीनं पटकन 'नाही' सांगून टाकलं होतं. बकुळा म्हणून आईला हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं, मग सांगायचं काय? आई तेव्हा शेजारीच बसली होती. ती काही बोलली नव्हती.

"पण इतकी वर्षं चाललंच ना नीट?"

"ठसे एकमेकांत गुंफलेले होते ना. आज सकाळी जे जळालं, ते म्हणजे ती गुंफणच हो. आता पेटीला एका डोक्यात दोन बायका दिसतायत. आणि तसं तिला चालत नाही. मधे काही लोकांनी मेलेल्या माणसांचे ठसे जित्यांच्या डोक्यात भरायचे उद्योग केले, तवापासून एका डोक्यात एकच माणूस, हा नियम यंत्रात कोरूनच टाकलाय. आमच्या हातात नाय तो."

"म्हणजे पुसलं काय जाणार?"

"लग्नानंतरचं सगळं. तुमचे बाबा, हे घर..." तो अडखळला. "तुम्ही."

तनुजा पन्नाशीला टेकलेली, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी बाई. पोरं तिला टरकून असत. आत्ता मात्र तीच घाबरली होती, आणि ती भीती आईच्या मरणाचीही नव्हती. मरणाची तयारी तिनं मनाशी केली होती. तनुजाला गोवर आला तेव्हा रात्रभर कोण जागलं, शाळेच्या पहिल्या दिवशी ती कुणाच्या मागं लपली, बाबा गेले त्या दुपारी स्वयंपाकघरात त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या, हे जगात फक्त दोघींना ठाऊक होतं. आई समोर धडधाकट बसलेली असताना ते सगळं एकटीनंच आठवत राहायचं, याची ती भीती होती.

"आणि ती गिरिजा म्हणाली तर?"

"तर बकुळा पुसली जाईल. माहेर, लहानपण, सगळं. पण तसं त्यांना मनातनं वाटाय पायजे." इरफान पेटीकडे बघत म्हणाला, "आणि सुरू करायचा आणखी एकच प्रयत्न होईल बघा. त्यात अडलं तर दोघी जातील. मग मावशींच्या डोक्यात जे थोडंफार उरलंय, तेही महिन्या-दोन महिन्यांत संपेल."

"दोघी एकदम जाग्या झाल्या तर?"

त्यानं लॅपटॉपवर काहीतरी तपासलं. "तर पेटी कदाचित दोघींना एकच धरेल. पण त्याला असा एखादा क्षण लागेल, जिथं दोघीपण हजर होत्या."

तो क्षण कुठला, हे तनुजाला शोधावं लागलं नाही. तिनं फडताळातून ताट काढलं, त्यात तांदूळ ओतून हातानं सारखे केले, आणि बोटातली अंगठी काढून घेतली. ताट तिनं आईसमोर ठेवलं. इरफाननं पेटी सुरू केली.

तांदूळ बघताच आईनं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि मान खाली घातली. लॅपटॉपवर निळी रेघ हलली. तिच्या शेजारी दुसरी, तांबडी रेघ उठली. दोन्ही हळूहळू वर येऊ लागल्या.

"येतायत, ताई," इरफान कुजबुजला. "लिहा."

तनुजानं अंगठी तांदळात टेकवली आणि 'गि' काढला. तांबडी रेघ चढली. निळी थरथरली, थांबली आणि खाली येऊ लागली. दोघींना एकत्र आणायचा बेत फसत होता, पण तनुजाचं काम होत होतं. पुढची दोन अक्षरं लिहिली की झालं. आई मुकाट्यानं मानेल, तेव्हा मानलं होतं तसं. मग ती वर बघेल, तनू म्हणेल, घावन करपवलंस म्हणून बोलेल.

तेवढ्यात तनुजाचं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे गेलं. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी कापतेय, डोळ्यांत पाणी तुडुंब, आणि ते सांडू नये म्हणून चाललेली धडपड. परक्यांच्या घरात येऊन बसलेली एक मुलगी भीतीनं अर्धमेली झाली होती आणि तिला आधार द्यायला तिथं तिचं असं कुणीही नव्हतं. नाव बदलल्याची गोष्ट आई नेहमी हसत हसत सांगायची. हा चेहरा तिनं लेकीला कधी दाखवला नव्हता.

तनुजाचा हात थांबला.

"ताई, लिहा," इरफान म्हणाला. "वेळ जातोय."

लिहावं, असं तिला फार वाटलं. इतकं तिला आयुष्यात कधी काही हवं झालं नव्हतं. आणि तरी तिच्या तोंडून शब्द निघाले ते भलतेच.

"तुम्हाला कुठलं नाव हवंय?"

आईनं मान वर केली. "मला विचारताय?"

"हो."

"बदलायलाच हवं का?"

तनुजानं अंगठी ताटातून उचलली. "नाही. तसं काही नाही."

आईनं बोटानं ताटातला 'गि' पुसून टाकला. तांदूळ सारखे केले. "मग बकुळाच राहू दे," ती म्हणाली.

निळी रेघ उसळून वरपर्यंत गेली. तांबडी खाली आडवी पडली. इरफानचं बोट थांबवायच्या बटणावर होतं आणि तो तनुजाकडे बघत होता. थांबवलं असतं तर दोघी गेल्या असत्या. तनुजानं मान हलवून नको म्हटलं.

पेटी बराच वेळ घरघरत राहिली. मग दिवा हिरवा झाला आणि पडद्यावर ओळ आली: सर्व वैयक्तिक ठसे सुरक्षित आहेत.

"आजपासनं नवे ठसे घेता येतील," इरफान खालच्या आवाजात म्हणाला. "तुमची ओळख करून देऊ परत. बसेल हळूहळू. कोण म्हणून करून द्यायची, ते तुम्ही ठरवा."

तनुजानं ऐकलं की नाही, कोण जाणे. ती ओट्याला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

बकुळाचे खांदे सैल झाले होते. तिनं पदर सोडला आणि स्वयंपाकघराकडे कुतूहलानं नजर फिरवली. मग तिला ती रडणारी बाई दिसली. ती उठली, गुडघे का दुखतायत याचं नवल करत जवळ आली आणि पदराच्या टोकानं तिनं तनुजाचे डोळे टिपले.

"रडू नका हो अशा," ती म्हणाली. "तुमची आई कुठंय? बोलावू का तिला?"