सांडव्यापुढे वाजलेली घंटी

ते शटर अर्धं खाली ओढा रे कुणीतरी, वारं आत येतंय. चौघांच्या सायकली आजच हव्यात म्हणता, म्हणजे मला जागणं आलं आणि तुम्हाला माझी बडबड ऐकणं आलं. बसा त्या टायरांवर. आणि तेलाच्या डब्याला लाथ मारू नका, महाग असतं ते.

कालव्याच्या रस्त्यानं जायचंय ना? वाटलंच मला. छान रस्ता आहे. गाड्यांना बंदी, हॉर्न नाही, धूर नाही, एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधल्या बांधावरून तुम्ही. मी स्वतः तीस वर्षं त्यावर पाय मारलेत. जा, खुशाल जा. फक्त अंधार पडल्यावर नको. हसताय काय? तू आधी ब्रेक दाबून धर. हं, असाच. सांगतो.

आपल्या चौकातला चष्मेवाला तुम्हाला माहीत असेल. दुकान बंद असतं हल्ली, पण माणूस आहे. माझं जुनं गिऱ्हाईक आणि दोस्तही. हे सगळं मी त्याच्या तोंडून ऐकलंय, याच दुकानात, एकदा नाही, दहादा. दर वेळी तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. खोटं बोलणाऱ्याला तेवढी आठवण राहत नाही.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. चौदा नोव्हेंबर, वार गुरुवार. कालव्याच्या वरच्या टोकाला पाणी सोडायची लोखंडी दारं आहेत, तिथल्या चौकीदाराच्या बायकोचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिचा नवा चष्मा तयार होता. म्हातारी आठ दिवस चाचपडत होती, म्हणून चष्मेवाल्यानं ठरवलं, आपणच नेऊन देऊ. गाडीनं चाळीस किलोमीटरचा वळसा पडतो, कालव्यावरून चौदा. सायकलची त्याला हौस होतीच.

सोबत निघाला त्याचा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ, बावीस-तेवीसचा. वर्षभर छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता, नुकता कुठे उभा राहिला होता. हा त्याला गमतीनं काडीपैलवान म्हणायचा. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली होती, बहिणीनं नव्हती. आईबाप नव्हते त्यांना, हिनंच त्याला वाढवलेला. दारापर्यंत आली आणि नवऱ्याला म्हणाली, "नेताय तसा परत आणा. मला दुसरं काही नको." हा म्हणाला, "अगं, लग्नाची वरात नाहीये, चौदा किलोमीटर आहे." एवढं हलकं घेतलं त्यानं ते. अजून त्याबद्दल स्वतःला शिव्या घालतो.

जाताना काहीच झालं नाही. सव्वापाचला निघाले, साडेसहाला पोचले. म्हातारीला चष्मा लावला. तिनं नवऱ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, एवढे म्हातारे कधी झालात तुम्ही?" पोट धरधरून हसले सगळे. चहा झाला. आठला वीस कमी असताना परत निघाले. चंद्र नव्हता. वारा समोरून.

आता हे नीट ऐका, कारण तुम्हीही हेच करता. समोरून वारा असला की तगडा माणूस पुढे होतो, वारा अंगावर घेतो आणि दमलेला त्याच्या चाकामागे आडोशानं येतो. बरोबर? चष्मेवाला पुढे झाला. रस्ता किती रुंद, तर दोन हात. रात्री पुढच्यानं मान मागे वळवली की हँडलही त्या बाजूला वळतं, आणि दोन्हीकडे पाणी. म्हणून त्या दोघांचं ठरलेलं असायचं. पुढच्यानं एक घंटी द्यायची, म्हणजे 'आहेस ना?' मागच्यानं एक परत द्यायची, म्हणजे 'आहे.' मागच्यानं दोन दिल्या तर थांबायचं. वळून बघायचं नाही. मीच शिकवलं होतं त्यांना. असो.

पहिले पाच किलोमीटर मजेत गेले. ट्रिंग. मागून ट्रिंग. मध्येच मेव्हणा ओरडायचा, "दाजी, जरा हळू, तुमच्या पोटाचा आडोसा मोठा आहे पण माझी छाती लहान आहे!" हा हसायचा आणि वेग कमी करायचा.

मग सांडवा आला. कालव्याचं जास्तीचं पाणी जिथं नदीत पडतं ना, तिथं. पाणी रस्त्याखालच्या मोरीतून जातं आणि खाली धबाधबा आदळतं. त्या टप्प्यात स्वतःची घंटीसुद्धा ऐकू येत नाही. तो टप्पा असेल दोनशे पावलांचा. पार झाल्यावर त्यानं घंटी दिली.

उत्तर आलं नाही.

त्यानं परत दिली. थोडं थांबून मागून आलं... ट्रिंग. एक. याच्या जिवात जीव आला. पाय मारत राहिला.

इथून पुढे वारा पडला, असं तो सांगतो. सायकल हलकी झाली. इतकी हलकी की पाय आपोआप फिरायला लागले. त्याला वाटलं, पोराला आता दम लागत नसेल, बरं झालं. दर दोन-तीन मिनिटांनी घंटी द्यायचा. मागून लगेच उत्तर. चाकाची टिकटिकही ऐकू यायची, अगदी जवळ. नेहमीपेक्षा जवळ.

"पैलवान, दमलास का रे?"

ट्रिंग.

"अरे, तोंडानं बोल की."

ट्रिंग.

त्याला वाटलं, थट्टा करतोय. पोरगं होतंच तसलं वात्रट. त्यानं पुन्हा विचारायच्या आधी घंटीकडं अंगठा नेला. नुसता नेला. दाबला नव्हता अजून.

मागून उत्तर आलं. ट्रिंग.

...

काय झालं? ब्रेक का सोडलास? धर. माझंही काम थांबलंय.

त्यानं अंगठा काढला. पुन्हा नेला. पुन्हा ट्रिंग. अंगठा हँडलखाली लपवला आणि मनात म्हणाला, आता नाही देत. मागे शांत. नुसती टिकटिक. वळून बघावं, तर हँडल वळेल. थांबावं, तर... थांबावंसं वाटेना. का वाटेना, हे त्याला आजही सांगता येत नाही. तो म्हणतो, "मला माहीत होतं की माझ्यामागे तो आहे. आणि मला हेही माहीत होतं की तो नाहीये."

तेवढ्यात खिशात फोन वाजला.

त्यानं ब्रेक मारला. एक पाय जमिनीवर टेकवला. मागची टिकटिकही थांबली. फोन काढला. मेव्हण्याचा.

"दाजी, चेन तुटली हो माझी. सांडव्याच्या अलीकडेच. केव्हापासून फोन लावतोय, लागतच नव्हता. दोन घंट्या दिल्या मी, तुम्हाला ऐकू नसतील आल्या."

सांडवा चार किलोमीटर मागे राहिला होता.

"पण बरं झालं थांबलात," पोरगं म्हणालं. "दिसला मला तुमचा मागचा लाल दिवा. येतो मी चालत."

"कुठला दिवा?"

"तुमचाच की. समोर उभे आहात ना? सांडव्यावर."

"मी तिथं नाहीये. ऐक माझं. मी तिथं नाहीये! तू आहेस तिथं खाली बस. रस्त्यावर बस. जागचा हलू नकोस, मी येतोय."

"काय म्हणालात? पाण्याचा फार आवाज आहे, दाजी. मोठ्यानं बोला."

हा ओरडला. घसा फाटेपर्यंत ओरडला. कोण ऐकणार? डावीकडे कालवा, उजवीकडे नदी. घर नाही, दिवा नाही.

"दाजी, तुम्ही तिकडे कुठे वळलात? तिकडे रस्ता नाहीये..."

"बस खाली! तुझ्या ताईची शपथ आहे तुला, बस खाली!"

मग थोडा वेळ नुसतं पाणी. आणि मग पोराचा आवाज. हसरा. फोनपासून लांब. दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असल्यासारखा.

"हो, हो. आलो."

...

फोन बंद झाला नाही. त्यात पाणी पडत राहिलं. अकरा मिनिटं. फोन कानाला लावून एका हातानं सायकल वळवली त्यानं, तेव्हा पहिल्यांदा मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. रिकामा रस्ता. तो म्हणतो, कुणी असतं तर बरं झालं असतं, त्याचे पाय तरी धरले असते.

चार किलोमीटर. तुम्ही तरुण पोरं, दहा मिनिटांत काढाल. त्यानंही जीव तोडून काढले. पण वारा पुन्हा सुटला होता. आता तोही समोरून. जाताना समोरून, येताना समोरून. कसं, ते मला विचारू नका. पायात गोळे आले, तो पाय मारत राहिला, फोनमध्ये नाव घेऊन हाका मारत राहिला. आणि अकराव्या मिनिटाला फोन कट झाला.

सांडवा ओलांडल्यावर, चेन तुटली होती तिथंच, पोराची सायकल स्टँडवर उभी होती. तुटलेली चेन नीट गुंडाळून कॅरिअरला लावलेली. बस. तेवढंच.

रात्री पोलीस आले, माणसं आली, मीही गेलो. कमरेला दोर बांधून उतरले लोक. दुसऱ्या दिवशी चौकीदारानं दारं बंद केली आणि कालवा रिकामा केला. तळातला चिखल दिसेपर्यंत रिकामा केला. काही नाही. नदी मात्र रिकामी करता येत नाही ना. महिनाभर शोधलं. नाहीच सापडला.

बहीण एक शब्द टाकून बोलली नाही नवऱ्याला. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. फक्त पहिल्या रात्री एकदा विचारलं, "एवढ्या वाटेत एकदाही मागे वळून पाहावंसं नाही वाटलं?" तो म्हणाला, "घंटी येत होती गं." एवढंच म्हणाला. आणि अजून इथं येऊन बसतो आणि मला विचारतो, "तूच सांग, मी काय करायला हवं होतं?" आठ वर्षं विचारतोय. मी घंटीची पद्धत शिकवणारा माणूस. मी त्याच्यासाठी चहा मागवतो.

झाली तुझी सायकल. चाक फिरवून बघ.

खरं-खोटं तुम्ही ठरवा, माझा आग्रह नाही. पण दोन्ही सायकली त्या रात्री मीच ढकलत दुकानात आणल्या. पोराच्या सायकलीचं पुढचं चाक कोरडं होतं, धूळ बसलेली. आणि चष्मेवाल्याच्या मागच्या मडगार्डवर टायर घासल्याची खूण होती. मागून कुणीतरी अगदी चिकटून चालवल्यावर उठते, तशी. लांबलचक. नक्षी पोराच्या टायरची नव्हती. मी जन्मभर टायर विकतोय, ती नक्षी मी पाहिलेली नाही. आणि खूण ओली होती. मी फडक्यानं पुसली. रॉकेलनं पुसली. शेवटी मडगार्ड काढून नवा बसवला.

तो जुना तिथं वर आहे, खिळ्याला. तो, पंख्याच्या शेजारी. या पंख्याच्या वाऱ्यात आठ वर्षं आहे तो.

जा, बोट लाव. अजून ओला आहे.