गडग्यातली रिकामी जागा

"उठ तिथून. ती खुर्ची नाहीये."

आमच्या कोसळलेल्या गडग्याचं जे एक टोक शिल्लक होतं, त्यावर बसून तो पाव खात होता. डोक्यावर चर्चच्या युवक मंडळाची पिवळी टोपी, उन्हाने सोलवटलेलं नाक. त्याने मान वर केली.

"मग काय आहे?"

"माझ्या पणजोबांनी रचलेला गडगा."

तो झटकन उठला, पावाचे कण हाताने झाडले आणि दगडाकडे वाकून म्हणाला, "माफ करा हं, आजोबा."

मला हसू आलं होतं. पण या पाहुण्यांसमोर हसायचं नाही, असं मी आधीच ठरवलं होतं ना…

गेल्या हिवाळ्यातल्या पावसाने आमच्या उतारावरचे गडगे लोळवले. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड; पण त्यांच्याच आधाराने आमच्या बेटावर द्राक्षमळे उभे आहेत. शरद ऋतूतल्या पावसाआधी ते पुन्हा उभे राहिले नाहीत, तर मळ्यातली सगळी माती समुद्रात जाणार होती. बाबांचा गुडघा कामातून गेलेला. गावात उरलेली सव्वीस माणसं, त्यांतली वीस सत्तरीपुढची. म्हणून फादर येर्कोंनी दूर मुख्य भूमीवर, स्लावोनियातल्या एका चर्चला पत्र धाडलं— 'आमचं गाव गरजू आहे.' ते पत्र त्यांनी रविवारी सगळ्यांसमोर वाचूनही दाखवलं. गरजू. तो शब्द मला काट्यासारखा सलत होता. आणि आता त्या शब्दापायी बारा मुलं-मुली आठवडाभर सेवेला आली होती.

"दगड रचता येतात का?" मी विचारलं.

"आमच्या गावात दगड सापडला तर शेजारीपाजारी बघायला येतात," तो म्हणाला. "सगळी काळी माती. पण शिकेन की. तू शिकवशील?"

"मला वेळ नाही."

"बरं. मी ब्लाझ. वेळ मिळाला की नाव सांग तुझं."

पेरिना. पण ते मी दोन दिवस सांगितलं नाही.

त्या दोन दिवसांत त्याने सहा मीटर गडगा उभा केला. इतका सपाट, इतका देखणा, की फादर येर्को फोटो काढत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यातला एक दगड उपसून आत पाहिलं, आणि मग सगळ्यांच्या देखत पहारीने तो गडगा खाली ओढला. अख्खा. त्यांच्यातल्या एका मुलीला तर रडूच आलं.

ब्लाझचा चेहरा पडला. "का…?"

"मागे माती ठासलीस."

"आमच्याकडे नदीचे बांध असेच घालतात."

"तुमचं पाणी समोरून येतं. आमचं पाठीमागून येतं. माती पाणी पिते, फुगते आणि गडग्याला ढकलते. मागे बारीक दगड भरायचे, म्हणजे पाण्याला वाट मिळते. आणि लांब दगड असा आत घुसवायचा. बाहेर आडवा ठेवून मिरवायचा नाही."

मला वाटलं, आता तो टोपी फेकून निघून जाईल. त्याने टोपी काढली खरी… पण घाम पुसायला.

"दाखव," तो म्हणाला.

मी दाखवलं. एकेक दगड हातात कसा फिरवायचा, कुठे बसेल हे कसं ओळखायचं. त्याची बोटं सोलपटली होती. माझ्या बोटांवरचे जुने घट्टे त्याने पाहिले— आणि बराच वेळ पाहत राहिला. मी हात मागे घेतला. जरा उशिराच.

दुपारी अंजिराखाली मी सगळ्यांना खारवलेले मासे नि पाव वाढला. तो तिसऱ्यांदा ताट पुढे करत होता.

"एवढे आवडले?"

"खारट आहेत," तो म्हणाला. "आमच्या गावात पूर आला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. कुठून कुठून माणसं आली, आमच्या घरातला चिखल उपसायला. आई तीन दिवस त्यांच्यासमोर मान वर करेना. चौथ्या दिवशी तिने उसनं पीठ आणलं, आलुबुखाराचे गोळे उकडले आणि सगळ्यांना दटावून दटावून खायला घातले. तेव्हा कुठे तिची मान वर झाली." त्याने पाव मोडला. "म्हणून… वाढ अजून."

मी वाढलं. सरळच सांगते, त्याच वेळी मला तो आवडला. पण मी एवढंच म्हणाले, "माझं नाव पेरिना."

"माहितेय. पहिल्याच दिवशी तुझ्या बाबांना विचारलं."

शेवटच्या दिवशी चारची बोट होती. त्याआधी आमच्या गावची रीत पार पाडायची होती: गडगा पुरा झाला की मळ्याच्या धन्याने त्यावरून चालायचं. दगड डुगडुगला, तर रचणाऱ्याची पुढच्या हंगामापर्यंत थट्टा. सगळं गाव जमलं. बाबा काठी टेकत वर चढले. ब्लाझने पुन्हा रचलेले सहा मीटर… एक दगड हलला नाही. माझी छाती अभिमानाने भरून आली. दगडाचं नाव न ऐकलेल्या मुलाला मी शिकवलं होतं, आणि तो शिकला होता.

मग पुढचा भाग आला.

टक्.

बाबा थांबले. पायाखालचा दगड पुन्हा हलवून पाहिला. टक्, टक्.

"हा कुणाचा?"

"माझा असेल, काका," ब्लाझ पुढे झाला.

"खोटं बोलतोय," मी म्हणाले. "माझा आहे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझा दगड आजवर कधी हलला नव्हता.

"तुझा?" बाबा म्हणाले. "मग लक्ष कुठे होतं तुझं?"

काहीही सांगता आलं असतं. पण पणजोबांच्या गडग्यावर मी कधी कमअस्सल दगड ठेवला नव्हता, आता खोटं तरी कसं ठेवू? मी मातीने भरलेला हात वर केला आणि सरळ ब्लाझकडे बोट दाखवलं.

त्याचे कान लाल झाले. म्हाताऱ्या हसू लागल्या. बाबांनी त्याला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"हं. लक्ष जाण्यासारखं आहे खरं," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

धक्क्यावर बोट लागली होती. मी तो डुगडुगणारा दगड उपसून घेऊन धावत गेले आणि त्याच्या हातात दिला.

"हे काय?"

"तुमच्याकडे दगड नाहीत ना? शेजाऱ्यांना दाखव. पण परत आणून द्यायचा. गडग्यात त्याची जागा रिकामी ठेवलीये."

"कधीपर्यंत?"

"द्राक्षं उतरवायच्या आधी."

"आणि बसवायचा कसा, विसरलो तर?"

"मला वेळ आहे," मी म्हणाले.

तो दगड दोन्ही हातांनी छातीशी धरून बोटीत चढला. हात हलवायलाही मोकळा हात नव्हता, नुसता बघत राहिला… बोट वळेपर्यंत.

आता उन्हाळा कलतोय. येता-जाता म्हाताऱ्या त्या खाचेकडे बोट करून चिडवतात, "काय गं पेरिना, इथे एक दगड कमी दिसतोय."

"हो," मी मान वर करून सांगते, "येतोय ना तो घेऊन."