करवतीचा घास

"ब्याण्णव!" बाळा ओरडला. "एकूण ब्याण्णव रुपये! आणि आपल्याकडे किती? पंच्याहत्तर! वाट लागली!"

"हळू बोल ना रे," शुभा म्हणाली. "अख्ख्या चाळीला कळायला हवं का आपल्याकडे किती पैसे आहेत ते?"

"चाळीला काय कळायचंय? चाळीकडेही तेवढेच आहेत!"

बाळा अकरा वर्षांचा, शुभाचा धाकटा भाऊ. बोटांवर न मोजता गुणाकार करायचा आणि त्याचा माज शुभाला सहन करावा लागायचा. मधे वही मांडून बसली होती अनुपमा मेस्त्री, शुभाच्याच वर्गातली, आठवीची परीक्षा नुकतीच दिलेली. ती काही ओरडली नाही. तिने ब्याण्णवच्या खाली एक रेघ मारली, रेघ वाकडी गेली म्हणून खोडली आणि पुन्हा मारली.

घाटकोपरच्या त्या चाळीच्या गॅलरीत, १९८५ सालच्या मे महिन्यात, एका डेस्कचं अंदाजपत्रक चाललं होतं. जमिनीवर मांडी घालून लिहायला बसतात, तसलं छोटं डेस्क. पण सागवानी! आणि स्वतःच्या हाताने केलेलं!

मुख्याध्यापिका रत्नप्रभाबाई कार्यानुभवाचा तास स्वतःच घेत. सुट्टीआधी त्यांनी बजावलं होतं, "वस्तू नंतर, हिशेब आधी! तीन दुकानांचे दर विचारा. जे घ्याल त्याची पावती लावा. पावती नाही, तर गुण नाहीत."

डेस्कचं चित्र मात्र आधीच तयार होतं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर अनुपमाच्या आजोबांनी, दशरथ मेस्त्रींनी, जाड पेन्सिलीने काढलेलं. वरची फळी अठरा इंच. दोन बाजू दहा-दहा. मागची नऊ इंच पाच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"हे नऊ इंच पाच सूत काय मधेच?" बाळाने विचारलं होतं. "सरळ दहा घ्या की! अठरा आणि तीन दाहे, अठ्ठेचाळीस इंच. बरोब्बर चार फुटी फळी!"

"आणि करवतीचा घास?" अनुपमा म्हणाली. "चार तुकडे म्हणजे तीन काप. प्रत्येक कापाला करवत एक सूत लाकूड खाते. त्याचा भुसा होतो."

आजोबा म्हणायचे, "करवतीक पण घास लागता गो. तो आधी काढून ठेवूचो. मगे रडाची पाळी येणा नाय."

करवतीचा घास त्यांनी काढून ठेवला. डब्यात पंच्याहत्तर रुपयेही काढून ठेवले, 'अनुच्या लाकडाचे' अशी चिठ्ठी घालून. आणि शिमग्याच्या आदल्या आठवड्यात, एका दुपारी चहा गार व्हायच्या आत, ते गेले.

सगळे रडले. आई रडली, शेजारच्या सरूबाई रडल्या, बाबा मोरीत जाऊन रडले. अनुपमा रडली नाही. दात काढून आल्यावर जीभ जशी आपली वाटत नाही, तशी ती अख्खीच झाली होती. शिवाय तिला वास येणं बंद झालं होतं. सर्दी नव्हती, ताप नव्हता. फोडणी, कैरी, रॉकेल, सगळं सारखंच. आता घाटकोपरात राहून गटाराचा वास न येणं ही काही अगदीच वाईट सोय नव्हे! पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"सागवानाचा भाव दोनशे दहा रुपये घनफूट," बाळा पुन्हा वाचू लागला. "चार फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. म्हणजे घनफुटाचा तिसरा हिस्सा. सत्तर रुपये. वर सरस, खिळे, काचपेपर, पॉलिश, बसभाडं, मिळून बावीस. ब्याण्णव! तीन वखारी झाल्या, यार. आता?"

"चौथी," अनुपमा म्हणाली. "बाबा म्हणाले विक्रोळीला एक आहे."

तिचे बाबा, दत्ताराम, गिरणी बंद पडल्यापासून विक्रोळीच्या एका कारखान्यात रखवालदार होते. येता-जाता त्यांनी खाडीकडच्या रस्त्यावर एक पाटी पाहिली होती: 'जुने लाकूड मिळेल.'

* * *

पत्र्याच्या शेडमध्ये एक गृहस्थ पंख्यासमोर शर्टाची बटणं सोडून बसले होते. भिंतीला चार फुटी फळ्यांची चळत होती. सगळ्या एका मापाच्या, नुकताच रंधा मारलेल्या.

"सागवान आहे का?" शुभाने विचारलं.

"आहे की! पंचवीस रुपये फळी."

बाळाचं तोंड उघडं राहिलं. त्याने अनुपमाच्या कानात पुटपुटलं, "घनफुटाला पंच्याहत्तर पडतात! हा माणूस वेडा आहे, नाहीतर लाकूड खोटं आहे."

"वास घे," अनुपमा म्हणाली.

"मी? तू घे ना, मेस्त्रींची नात तू!"

"तू घे. चामड्यासारखा येतोय का?"

बाळाने फळीला नाक लावलं. "नव्या चपलेसारखा येतोय!"

म्हणजे सागच. फळीच्या वरच्या कडेला रुपयाएवढं गोल भोक होतं, लाकडाचं बूच मारून बुजवलेलं.

"हे काय हो, काका?"

"जुनं लाकूड आहे. जुन्याला भोकं असायचीच. घेता की जाता?"

त्यांनी घेतली. पावतीही मागितली. गृहस्थ कुरकुरले, पण त्यांनी ती लिहून दिली. खाली शिक्का उमटला: श्यामकांत फर्निचर वर्क्स.

बसच्या कंडक्टरने फळीचं अर्धं तिकीट मागितलं. बाळाने फळीकडे बोट दाखवून 'हा आमचा लहान भाऊ, तीन वर्षांच्या आतला' असं सांगितलं. सगळी बस हसली. अनुपमाने बसभाड्याचा आकडा वहीत लिहिला.

* * *

गॅलरीत तिने फळी उलटी केली. वरून रंधा मारलेला असला, तरी खालची बाजू कुणी साफ केलेली नव्हती. खालची बाजू कोण बघतंय!

तिथे पटाशीने कोरलेल्या चार खुणा होत्या. तीन उभ्या, एक तिरपी.

अनुपमाचा अंगठा आपसूक त्या तिरप्या खुणेत जाऊन बसला. ही खूण कशी करतात ते तिच्या हाताला माहीत होतं.

"आजोबांची आहे," ती म्हणाली. घरात मीठ संपलंय असं सांगावं, तशा आवाजात.

"काय?" शुभा ओरडली.

"ते एकेका बाकाच्या फळीला आणि पायांना एकच खूण करायचे. म्हणजे जोडताना एकाची फळी दुसऱ्याला जात नाही. आपल्या शाळेची बाकं त्यांनीच केली होती. शाळा नवी बांधली तेव्हा. आणि हे भोक दौतीचं आहे."

शाळेची चाळीस बाकं नुसती रंधा मारून पॉलिश करायला म्हणून परीक्षा संपताच टेम्पोत चढली होती. तिघांनीही ती पाहिली होती.

"म्हणजे ही चोरीची!" बाळा कुजबुजला.

"अनु," शुभा हळूच म्हणाली, "तू सांगितलंस तर फळी परत द्यावी लागेल. पंचवीस रुपये गेले. आणि राहिलेल्या पैशांत दुसरी येणार नाही. डेस्क विसर मग! नाहीतर एक कर ना. खूण आतल्या बाजूला जाईल. कुणाला दिसणार आहे?"

अनुपमाने काटकोनाचा गुण्या घेतला, पेन्सिल घेतली. अठरा इंचांवर रेघ मारायची होती. रेघ बरोबर त्या खुणेवरून जात होती. ती पेन्सिल धरून बराच वेळ बसली. राग आला नव्हता, वाईटही वाटत नव्हतं. फक्त हात पुढे जाईना.

"शाळेत जाऊ या," ती म्हणाली.

* * *

हॉलमध्ये चाळीस बाकं चकाचक उभी होती. गुणाजी शिपाईकाकांनी किल्ली दिली आणि वर विचारलं, "सुट्टीत शाळेची आठवण? ताप आलाय की काय तुम्हाला?"

तिघं बाकांखाली रांगत शिरली. पायांवर जुन्या खुणा होत्या, फळ्यांवर मात्र एकही नव्हती. खालून लाकूड पांढरंफटक होतं, खोक्याचं असतं तसं!

"एक तिरपी, दोन उभ्या... नाही. चार उभ्या... ई, याचे पाय वाळवीने खाल्लेत!" बाळाचा आवाज येत होता. "तीन उभ्या, एक तिरपी! अनु, सापडलं! झकास!"

ते थेट कार्यालयात गेले. तिथले कारकून भाऊ वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते.

"भाऊ, बाकांच्या फळ्या बदलल्यात!"

"काहीतरीच! चाळीस गेली, चाळीस आली. मी जातीनं मोजली आणि सही केली."

"फळ्या खालून पाहिल्यात?"

"पॉलिश ओलं होतं. हात कोण लावणार!" भाऊ वैतागले. "श्यामकांतांचं काम आहे ते, माहितीतला माणूस! उद्या शनिवार. बाई गावाहून आल्या की त्यांचं बिल द्यायचंय. आणि तुमची एक जुनी फळी म्हणजे पुरावा नव्हे. बाजारात छप्पन्न मिळतील! जा, खेळा."

श्यामकांत! बाळाने खिशातली पावती चाचपली.

"एका फळीचा पुरावा होत नाही म्हणे," बाहेर आल्यावर शुभा करवादली. "मग किती फळ्यांचा होतो?"

"चाळीसांचा," अनुपमा म्हणाली.

* * *

त्याच संध्याकाळी ती पुन्हा त्या शेडमध्ये उभी राहिली, वही छातीशी धरून. बोलायचं तिनेच, असं ठरलं होतं. शुभाला अशा वेळी हसू येतं आणि बाळाचे कान लाल होतात. अनुपमाचा चेहरा मात्र शिमग्यापासून पाटासारखा सपाट होता. त्याचा एवढा एक उपयोग झाला!

"काका, फळी चांगली आहे. वर्गातल्या सगळ्या मुलांना हव्यात. चाळीस. दर लिहून द्याल?"

श्यामकांतांनी पंखा बंद केला. हजार रुपयांचं गिऱ्हाईक! "कुठली शाळा?"

"मुलुंडची!" बाळा म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

"सगळ्या एकाच मापाच्या लागतील," अनुपमा शांतपणे म्हणाली. "भोकाच्या असल्या तरी चालतील."

"एकाच मापाच्या, एकाच भोकाच्या आहेत! पण चाळीस नाहीत. एकोणचाळीस."

"चाळीस नाहीत?"

"होत्या की! चाळीसावी तूच नाही का नेलीस!" श्यामकांत आपल्याच विनोदावर खो खो हसले.

"मग तेही लिहा ना. आमच्या बाई हिशेबाला फार कडक आहेत."

आणि त्यांनी लिहिलं! स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात: 'जुने सागवान, चार फूट बाय एक फूट बाय एक इंच, दौतीच्या भोकासह. एकूण नग ४०, पैकी १ विकला, शिल्लक ३९.' खाली सही, तारीख आणि ठसठशीत शिक्का.

रस्त्याच्या वळणापर्यंत तिघं सावकाश चालत गेली. मग शुभा आणि बाळा असे पळत सुटले की बस चुकली आणि पुढच्या स्टॉपवर सापडली!

* * *

शनिवारी सकाळी रत्नप्रभाबाईंनी दोन्ही कागद वाचले. मग साडीचा पदर खोचून त्या स्वतः बाकाखाली वाकल्या. गुणाजीकाकांनी बाकाची नवी फळी काढली आणि अनुपमाने जुनी पायांवर ठेवली. तीन उभ्या, एक तिरपी. वर आणि खाली. केस शिरायलाही फट उरली नाही.

"भाऊ," बाई बाकाखालूनच म्हणाल्या, "तुम्ही मोजलंत. या मुलांनी पाहिलं."

भाऊंनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

बिल घ्यायला आलेल्या श्यामकांतांनी आधी आवाज चढवला. मग स्वतःचं अक्षर पाहिलं. मग दारात उभी असलेली तीन मुलं पाहिली. "मुलुंड..." एवढंच ते पुटपुटले आणि खुर्चीत बसले. संस्थेच्या लोकांना बोलावणं गेलं, पोलिसांतही तक्रार झाली, आणि आठवड्याच्या आत एकोणचाळीस फळ्या टेम्पोतून परत आल्या. पंचवीस रुपयेही.

बाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. गुणाजीकाका, भाऊ, संस्थेचे दोघं, मुलांचे आईबाप. "चाळीस बाकं वाचवली या तिघांनी! बाळाने हिशेबाने, शुभाने धावपळीने. आणि अनुपमाने स्वतःच्या डेस्कवर पाणी सोडून. दशरथ मेस्त्रींची नात शोभतेस गं!"

टाळ्या वाजल्या. अनुपमाला त्या दूरवर पत्र्यावर काहीतरी सांडल्यासारख्या ऐकू आल्या. ती जागच्या जागी उभी राहिली. 'छान झालं' असं तिने मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

"एक बाक मात्र वाया गेलंय," बाई पुढे म्हणाल्या. "चार उभ्या रेघांचं. पाय वाळवीने खाल्लेत. त्याच्या फळीला आता घर नाही. संस्थेने ती अनुपमाला द्यायची ठरवलीय. पावतीसकट!"

* * *

रविवारी बाबांनी माळ्यावरची पेटी खाली काढली. शिमग्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी कडी उघडली, करवत पुसली आणि मुठीकडून लेकीपुढे धरली.

"मला नाही येत गं त्यांच्यासारखं," ते म्हणाले. "मी फळी धरतो."

शुभाने दुसरं टोक धरलं. बाळाच्या हातात वही होती. "लाकूड, शून्य रुपये!" तो मोठ्याने वाचत होता. "शिल्लक त्रेपन्न!"

अनुपमाने अठरा इंचांवर रेघ मारली. या फळीची खूण रेघेपासून चांगली दूर होती. तिने करवत टेकवली. एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा करवतीने घास घेतला. भुसा तिच्या पायांवर सांडला.

तिचा हात थांबला.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "अडकली का?"

आजोबांचा सदरा कामावरून आल्यावर दारामागच्या खुंटीला असायचा. त्यात तोंड खुपसलं की...

"वास आला," अनुपमा म्हणाली.

"कसला गं?" शुभाने विचारलं.

तिने बाहीने नाक पुसलं, डोळे पुसले, ते पुन्हा भरले, पुन्हा पुसले. बाबांनी फळी घट्ट धरून ठेवली. बाळासुद्धा गप्प बसला, आणि हे चाळीत कुणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं.

बऱ्याच वेळाने तिने करवत उचलली.

"रेघ दिसतेय का?" बाबांनी विचारलं.

"दिसतेय," ती म्हणाली, आणि कापू लागली.